मरणाचं पान आधी उघडणाऱ्या घाडीकाकू

मी मुळात भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्टमधला दिवा एकदा लुकलुकला की मी पुढच्याच मजल्यावर उतरून जिना धरतो. घरात झुरळ निघालं तर बायको चप्पल शोधते आणि मी स्टुलावर चढतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्याच मागे असतो. असा माणूस इतकी वर्षं दर शनिवारी स्वतःच्या पायांनी घाडीकाकूंकडे जाऊन स्वतःला घाबरवून का घेत होता, असं बायको अजून विचारते. मी तिला एवढंच सांगतो की काकूंनी घाबरवलं तरी काकू समोर बसलेल्या असायच्या.

शेवटी शेवटी घाडीकाकूच घाबरायला लागल्या. कधी पंख्याला, कधी दारावरच्या बेलला, कधी मला. त्या दिवसांमुळे आधीच्या काकू पुसल्या जाताहेत असं वाटायला लागलं, म्हणून हे लिहितोय.

नाव प्रमिला घाडी. गाव कणकवलीकडचं, पण जन्म करी रोडचा आणि आयुष्यही तिथलंच. वडील गिरणीत, नवरा गिरणीत, आणि गिरण्या बंद पडल्यावर काकू एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंगला. घाडीकाका लवकर गेले. एकुलता एक मुलगा ओमकार, तो माझ्या वर्गातला. आमची चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला तेव्हा काकूंना चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, आम्हाला बाराव्या. चाळीत काकूंचं दार सताड उघडं असायचं. टॉवरमध्ये सगळ्यांचीच दारं बंद, आणि सगळी एकसारखी. फक्त शनिवारी दुपारी काकूंच्या दाराबाहेर चपला दिसायच्या.

त्या चपला आमच्या. ओमकारला कॉलेजपासून एका खेळाचं वेड होतं. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. चालवणारा म्हणतो, "तुम्ही विहिरीच्या काठाशी आहात. आत काहीतरी हललं. काय करता?" आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फासे टाकून ठरवायचं. ते कसं ठरवायचं याचं नियमांचं पुस्तक असतं, त्याला सगळे सिस्टिम म्हणतात. अशा सिस्टिम ढिगाने आहेत. काहींत लढाया, काहींत भुतं, काहींत नुसतं एकमेकांशी भांडणं. कुठली आपल्याला मानवेल हे कळायला फार वेळ जातो, आणि त्यावरून मित्रामित्रांत अबोले होतात.

ओमकार नोकरीसाठी कॅनडाला गेला. त्याची पुस्तकं आणि फाशांची पिशवी मागे राहिली. ती न्यायला आम्ही तिघं गेलो. मी, लालबागचा तेजस आणि दादरची अस्मिता. काकूंनी पिशवी दिली, आणि दारापर्यंत गेल्यावर परत काढून घेतली.

"नेताय खंय? बसा हयसर. मी चालवतंय."

"काकू, तुम्हाला येतं?" तेजसने विचारलं.

"मेल्या, इतकी वर्षं आत पोहे करत ऐकतेय. कान नाहीत काय मला?"

त्या दुपारी काकूंनी जी गोष्ट चालवली, ती ऐकून ओमकार आजवर आम्हाला काय चालवत होता असा प्रश्न पडला. तेव्हापासून शनिवार काकूंचा. ओमकार फोनवर सारखा म्हणायचा, "आई, इकडे ये, एकटी काय करतेस?" काकूंचं उत्तर ठरलेलं, "शनिवारी कोण चालवणार?" एवढ्या एका शनिवारसाठी ती बाई आठवडाभर जगत होती, हे आम्हाला दिसत होतं.

नवीन सिस्टिम हातात आली की काकू पुस्तक पहिल्या पानापासून वाचायच्या नाहीत. चष्मा लावून आधी मरणाचं पान शोधायच्या. "ह्यात माणूस मरतो कसा ते बघूया," म्हणायच्या. मरायला फार पानं लागत असतील तर पुस्तक बाजूला. "हे वकिलांसाठी लिहिलंय. मी टाईप करून करून दमलेय असलं." आणि ज्यात कुणी मरतच नाही, ते तर उघडायच्याही नाहीत. "मग सत्यनारायण घाला की. प्रसाद तरी मिळेल."

पण खरी परीक्षा त्यापुढे. गोष्ट अगदी नको त्या जागी आली, भूत दाराशी उभं राहिलं, की काकू शांतपणे उठायच्या. "चहा टाकते." आणि आत जायच्या. आम्हाला वाटायचं, बाईला वेळकाळ कळत नाही. पुष्कळ उशिरा समजलं की त्या आलं किसता किसता बाहेरचं ऐकत असायच्या. चालवणारा समोर नसताना खेळणारे काय बोलतात, त्यावरून त्यांचा निकाल लागायचा.

तेजसने एकदा भलंमोठं पुस्तक आणलं. त्याला आकडेमोड प्रिय. काकू चहाला गेल्या, आणि चिलखत घालून पळताना वेग किती कमी होतो यावरून तेजसची आणि माझी जुंपली. काकू कप घेऊन बाहेर आल्या.

"राक्षस दारात उभा होता ना रे?"

"हो."

"आणि तुम्ही काय करत होतात? गुणाकार. तो बिचारा राक्षस कंटाळून गेला असेल."

तेजसचं तोंड एवढंसं झालं. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट नाही हो पुस्तक. सिस्टिम म्हणजे झंपर. कापड कितीही भारी असू दे, काखेत काचता कामा नये. हे तुझ्या मापाचं आहे, ह्या दोघांच्या नाही." आणि मग त्यांनी काय करावं? ते अख्खं जाडजूड पुस्तक पाठ केलं आणि कितीतरी रविवार सकाळी एकट्या तेजससाठी चालवलं. तेजस पान उघडायच्या आत काकू नियम सांगायच्या. तो हरायचा आणि खूश होऊन घरी जायचा.

अस्मिताला आकड्यांची चीड. ती बँकेत काम करते, सुट्टीच्या दिवशी तिला शून्यसुद्धा बघायचं नसतं. तिला काकू विचारायच्या, "आज तुला काय हवंय? जिंकायचंय, भांडायचंय की नुसतं बोलायचंय?" ती म्हणायची, भांडायचंय. मग काकू गोष्टीत अशी एक सासू आणायच्या की अस्मिता टेबलावर मूठ आपटायची. मला मात्र कधीच विचारलं नाही. "नित्याला काय हवंय ते नित्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे," असं म्हणून दिवा लावल्यासारखा तोंडावर आनंद आणून त्या भुतांची सिस्टिम काढायच्या.

आणि काय घाबरवायच्या! भर दुपारी, पडदे उघडे, खाली फळवाला ओरडतोय. आवाज चढवणं नाही, डोळे मोठे करणं नाही. तांदूळ निवडत बोलल्यासारखं बोलायच्या. एकदा गोष्टीत मी चाळीत राहणारा कारकून होतो. सकाळी संडासाच्या रांगेत उभा. काकू म्हणाल्या, "तू दार वाजवलंस. आतून आवाज आला, आलो रे, दोन मिनिटं." मी म्हटलं, बरं, थांबतो. काकूंनी तांदळातला खडा काढावा तसा एक फासा उचलून बाजूला ठेवला. "आवाज तुझाच आहे, कारकुना."

माझी बोबडीच वळली. अस्मिता खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. घरी गेल्यावर मी कितीतरी दिवस संडासाचं दार किलकिलं ठेवत होतो, त्यावरून बायकोने माझी काय काढली ते इथे सांगत नाही. पुढच्या शनिवारी काकू म्हणाल्या, "ही सिस्टिम ठेवू. नित्या किंचाळला तेव्हा कुणी पुस्तकाकडे बघितलं नाही."

टेबलावर त्यांचा एक कडक नियम होता. खेळात शिरलं की खरं नाव घ्यायचं नाही. बाहेरच्या माणसाचं तर नाहीच. जो जे होऊन बसलाय तेच त्याचं नाव. "एकदा खरं नाव आलं की भूत पळतं आणि खुर्च्या दिसायला लागतात," म्हणायच्या.

आता गंगारामचं सांगतो. तेजसचा गंगाराम हा गिरणीचा रखवालदार. तो गोष्टीत मेला. फासे फसले, आणि काकूंनी त्याला बॉयलरच्या खोलीत मारलं, रीतसर. तेजसने नवा माणूस घेतला आणि गोष्ट पुढे गेली. काही शनिवारांनी आम्ही गोष्टीत त्याच गिरणीत परत आलो होतो. काकू सगळ्यांना विचारत विचारत तेजसकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, "आणि गंगाराम, तू काय करतोस?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेजसचा चेहरा पांढरा पडला.

"मी... मी मेलोय ना?"

काकूंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "असं तुला वाटतं."

देवाशप्पथ, असा खेळ पुन्हा झाला नाही. आम्ही खाली येऊन टॉवरच्या गेटजवळ कितीतरी वेळ त्यावरच बोलत होतो. तेजस म्हणाला, ही बाई जादूगार आहे. त्यानंतर गंगाराम मेलेला असून चालत राहिला, आणि आम्ही दर शनिवारी त्याला घाबरत राहिलो.

त्याच सुमारास काकूंचं सिस्टिम बदलणं सुरू झालं. एक पुस्तक दोन-तीन शनिवार चालायचं आणि काकू म्हणायच्या, "नको. ह्यात हिशोब फार." दुसरं आणलं, "ह्यात फासे फार." तिसरं, "ह्यात नावं फार." प्रत्येक वेळी पुस्तक आधीच्यापेक्षा बारीक. तेजस चिडायचा. "काकू, एकेकाळी तुम्ही मला सहाशे पानं तोंडपाठ म्हणून दाखवत होता. आता चोपडी पण जड?" काकू हसायच्या. "म्हातारी झाले रे. हलकं बरं वाटतं." ते पटण्यासारखं होतं. मोठा खेळ सोडून लहान आवडायला लागणारे पुष्कळ असतात. आणि काकूंची पारख, तिला आम्ही कोण नाव ठेवणार?

शेवटी एक सिस्टिम आली ती फक्त एका पानाची. फासासुद्धा एकच. गोष्ट अशी की एका घरात तीन अनोळखी पाहुणे येऊन बसतात. ते माणसं आहेत की आणखी काही, हे घरच्या बाईला कळत नाही. आम्ही तिघं पाहुणे. छान रंगलं होतं. काकू नेहमीसारख्या नको त्या जागी उठल्या आणि चहाला आत गेल्या. आता आमची परीक्षा चालू आहे हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही आपसातही पाहुण्यांसारखंच कुजबुजत बसलो.

काकूंना वेळ लागला. मग त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कप नव्हते, सांडशी होती.

"कोण तुम्ही?"

वा, म्हटलं, बाईंनी उठता उठता सुरुवात केली. तेजसने आवाज खाली आणला. "आम्ही रस्ता चुकलो."

"घरात कोणी घेतलं तुम्हाला?"

"तुम्हीच दार उघडलंत, बाई," अस्मिता गोड हसून म्हणाली. "मी यशोदा. आठवत नाही का?"

काकूंनी सांडशी पुढे धरली. "चला, उठा. बाहेर व्हा."

"आता आम्ही इथेच राहणार," मी म्हटलं. मीही त्या खेळात पार शिरलो होतो.

काकू भिंतीला पाठ लावून सरकत दाराच्या बाजूला यायला लागल्या. काय अभिनय, असं मला वाटत होतं. आणि तेवढ्यात त्या ओरडल्या, सगळा मजला हादरेल अशा ओरडल्या.

"ओमकार! अरे ओमकार, बाहेर ये! घरात माणसं शिरलीत!"

ओमकार समुद्रापलीकडे, आणि टेबलावर खरं नाव घ्यायचं नाही हा नियम तर ह्यांचाच. मी अस्मिताकडे बघितलं, तिने माझ्याकडे. ती उठून हळूच पुढे झाली. "काकू, काकू, मी अस्मिता. दादरची अस्मिता."

"खोटं बोलतेस! आत्ता यशोदा म्हणालीस!"

आता कुठलंही खरं नाव सांगितलं तरी ते खोटंच ठरणार होतं. काकूंनी सांडशी उगारली. डोळे असे, की समोर तीन खुनी उभे आहेत. आम्ही मागे सरकत सरकत बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो आणि दार धाडकन आपटलं. आतून कडी लागली.

अस्मिता दार ठोठावायला लागली. प्रत्येक ठोक्यासरशी आतून किंकाळी यायची, म्हणून तिने हात खाली घेतला. मग मला वास आला. आधी दूध जळल्याचा. आणि थोड्या वेळाने गॅसचा. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस चालू होता. दार तोडायला हवं असं मी म्हणत होतो, पण माझे पाय जागचे हलत नव्हते. अस्मिता वॉचमनला फोन लावत होती, तिची बोटं चुकत होती. आणि आत ती एकटी बाई, घाबरून, काय पेटवेल काय करेल, नेम नाही.

तेजस खाली बसला. फरशीवर. दाराच्या फटीला तोंड लावलं, आणि बोलायला लागला. तांदूळ निवडत बोलतात तसं.

"तुम्ही एका घरात आहात. घर तुमचं आहे. दाराला कडी आहे, कुणी आत येऊ शकत नाही."

आतलं ओरडणं थांबलं.

"स्वयंपाकघरातून वास येतोय. दूध उतू गेलंय. काय करता?"

मग आतून, अगदी बारीक, "शेगडीकडे जाते."

"शेगडीपाशी आलात. ज्योत नाही. पण बारीक आवाज येतोय. काय करता?"

"बटण फिरवते."

"फिरवलं?"

"फिरवलं."

"वास अजून आहे. आता काय करता?"

"खिडकी उघडते," काकू म्हणाल्या. हे त्यांना कुणीच सुचवलं नव्हतं. मग काच सरकल्याचा आवाज आला.

तेजसच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाजात काही येऊ देत नव्हता. "बाहेर तीन माणसं बसलीत. ती फार घाबरलीत. काय करता?"

कडी निघाली. काकू दारात. आमच्याकडे बघत राहिल्या, मग हळूहळू त्यांच्या डोळ्यांत आम्ही एकेक करून परत आलो.

"तेजस? रडतंस कित्याक रे मेल्या?"

आत जाऊन बसलो. चहा कुणीच केला नाही. काकूंनी पदराने सगळं तोंड पुसलं, आणि आम्हाला एकदमच सगळं सांगितलं. मोठं पुस्तक डोक्यात राहीना, म्हणून त्यांनी बारीक आणलं. बारीकही राहीना, म्हणून त्याहून बारीक. आता एक पानही राहत नव्हतं. आम्हाला जी आवडनिवड वाटत होती, ती भीती होती.

"आणि गंगाराम?" तेजसने विचारलं.

"तो मेलाय हे विसरले होते रे. तुमची तोंडं बघितली आणि सावरून घेतलं." त्या थोडं हसल्या, आणि मग हसू गेलं. "माका भय वाटता. रोज सकाळी उठून आधी सगळ्यांची नावं म्हणते. तुमची तिघांची पण. एक दिवस नाही आठवणार, माहीत आहे मला. पण मला टेबलावरून उठवू नका. चालवायला नाही जमलं तर नुसती बसवा. पण बसवा."

अस्मिताने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. मला तर त्या दिवशी जी भीती बसली ती अजून गेलेली नाही.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दिवसभराला सुमनमावशी म्हणून बाई ठेवली. ओमकार फोनवर रडला. शनिवार चालूच होते, आणि पारख करायची पाळी आता आमच्यावर आली. काकूंना कुठली सिस्टिम मानवेल? तेजस शोधून आणायचा, आम्ही आधी अस्मिताकडे दादरला बसून करून बघायचो. तिथे सगळं उत्तम वाटायचं. काकूंसमोर मांडलं की कळायचं. एकात मागच्या खुणा लक्षात ठेवायच्या होत्या, काकू रडल्या. एकात चित्रांचे पत्ते होते, एका चित्रातल्या बाईला घाबरून त्यांनी सगळे पत्ते उशीखाली दाबून ठेवले. एकात स्वतःचं लहानपण सांगायचं होतं. ती आम्हाला जमली असं वाटलं. काकू फुलल्या, भरभर बोलल्या, आणि मध्येच उठून वडिलांना डबा द्यायला निघाल्या. लिफ्टपाशी गाठलं तेव्हा त्या मलाच विचारत होत्या, गिरणीचा भोंगा झाला काय.

शेवटी तेजसने पुस्तकंच आणणं सोडलं. फासेही ठेवून दिले, त्यांच्या आवाजाला काकू दचकायच्या. तो फक्त समोर काय आहे ते सांगायचा, एका वेळी एकच. अंगण आहे. कोंबडी आहे. कोंबडी तुमच्याकडे बघतेय. काय करता? मागचं काही लागत नाही, पुढचं काही ठरत नाही. काकू उत्तर द्यायच्या, कधी असं खमंग द्यायच्या की आम्ही खो खो हसायचो. ह्याला सिस्टिम म्हणायचं का, मी तेजसला विचारलं. "काचत नाही ना त्यांना? झालं तर मग," तो म्हणाला.

पण दर शनिवारी बेलवर बोट ठेवलं की मी आधी आतला कानोसा घ्यायचो. आज आत कोणत्या काकू असतील? कधी "ये रे नित्या" म्हणायच्या. कधी सुमनमावशींच्या मागे लपायच्या. तशा दिवशी आम्ही दारातच, लांब बसून, तेजसच्या अंगणापासून सुरुवात करायचो, आणि काकू हळूहळू खुर्ची पुढे ओढायच्या.

मग ओमकार आला तो आईला न्यायलाच. त्याचंही बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात त्या कॅनडाला गेल्या, आणि आता फोनवर त्या दिसतात तेव्हा बहुतेक वेळा झोपलेल्या असतात. त्याआधीचा हा शनिवार.

ओमकार कामासाठी बाहेर गेला होता. घरभर खोकी. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले, दार अर्धवट उघडं, आत काळोख. काकू सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, असं सुमनमावशी म्हणाल्या. आम्ही बसलो. तेजसला काही सुचत नसावं. तो त्या आतल्या दाराकडे बघून म्हणाला, "समोर एक दार आहे. आत अंधार आहे. आपण चौघं बाहेर आहोत. नितीन, काय करतोस?"

"मी नाही जात," मी म्हटलं. ते खेळातलं नव्हतं.

"अस्मिता?"

तिनेही मानेनेच नाही म्हटलं.

"काकू, तुम्ही?"

काकूंनी मान वळवून दाराकडे बघितलं. मग त्यांचा आवाज आला. "आत कोण आहे?"

तेजसने पुन्हा त्या अंधाराकडे बघितलं. "माहीत नाही, काकू."

"मग मी जाते," काकू म्हणाल्या. "तुम्ही लहान आहात."

आम्हाला वाटलं, झालं, एवढंच. पण त्या टेबलाला धरून उठल्या. खोक्यांमधून वाट काढत, एक हात भिंतीला लावून, खरोखरच त्या दारापर्यंत चालत गेल्या. उंबऱ्यात थांबून मागे वळल्या. आम्ही कोण, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण आम्ही घाबरलोय, हे दिसत होतं त्यांना.

"घाबरू नका. मी आतून बोलत राहते. आवाज येतोय तोवर समजा, सगळं ठीक आहे."

आणि आत गेल्या. सुमनमावशी लगबगीने दिव्याच्या बटणाकडे धावल्या. तेजसने त्यांचा हात धरला.

"दिवा नको, मावशी. त्यांची पाळी आहे."

आतून आवाज यायला लागला. शब्द लागत नव्हते. मध्येच मालवणी, मध्येच कुठल्यातरी माशाच्या कालवणाचं, मध्येच कुणाला तरी हाक. आम्ही तिघं टेबलापाशी ऐकत बसलो होतो. काकू बोलत होत्या.